तीन तासांची बाटली

आईच्या पहिल्या केमोला जाताना मी सगळं भरून घेतलं होतं, पाणी, लिंबाच्या फोडी, शाल, दोन सुती पंचे, रिपोर्टची फाईल, तिचं हरिपाठाचं पुस्तक. वेळ कसा जाणार याचा मात्र विचारच केला नव्हता. डेकेअरमध्ये ओळीनं आठ खुर्च्या, मागे रेलणाऱ्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा स्टँड, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही. आई पुस्तक उघडायची, दोन ओळी वाचायची आणि नजर परत वर. नळीच्या सुरुवातीला जे छोटं पारदर्शक नळकांडं असतं ना, ज्यात थेंब पडताना दिसतो, तिथे. थेंब पडतोय का, थांबला का, बाटलीत किती उरलंय. दर दहा मिनिटांनी मला सांगायची, "अजून अर्धी आहे गं."

स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज, ऑपरेशन झालेलं. आठ सायकल ठरल्या होत्या, दर एकवीस दिवसांनी एक. पहिल्या चार सायकलमध्ये ते लाल औषध, ज्याला डेकेअरमध्ये सगळे लाल औषधच म्हणतात, आणि पुढच्या चारमध्ये पॅक्लिटॅक्सेल, ते तीन तास चालतं, आणि आधीची इंजेक्शनं, सलाईन, मधली वाट बघणं धरलं तर पाच-सहा तास त्या खुर्चीतच. आजाराबद्दल डॉक्टरांनी आम्हाला खूप नीट समजावून सांगितलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे जे तास आहेत, माणूस एका जागी बसून स्वतःच्या शिरेत काय जातंय ते बघत बसतो ते तास, त्यांच्याबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं. मला वाटतं बोलायला हवं, कारण आईला सगळ्यात जास्त खाल्लं ते त्या तासांनीच.

तिसऱ्या सायकलला तर घरून निघालो तेव्हा आई बरी होती, हॉस्पिटलच्या आधीच्या सिग्नलला गाडी थांबली आणि तिला उमळून आलं. औषध अजून तीन तास लांब होतं. सिस्टर म्हणाल्या होतं असं बऱ्याच जणांना, कुणाला स्पिरिटच्या वासानं होतं, कुणाला नुसतं गेट दिसलं तरी. शरीर शिकून बसतं, घंटा वाजली की लाळ गळणाऱ्या पाव्हलोव्हच्या कुत्र्याची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते, तेच, फक्त इथे लाळेऐवजी उलटी. मळमळीच्या गोळ्या अशा उलटीवर फारशा चालत नाहीत. म्हणजे आईचा त्रास नुसता पोटातून येत नव्हता, तो लक्षातून येत होता. तिचं सगळं लक्ष त्या बाटलीशी बांधलं गेलं होतं आणि ते सोडवायचं कसं ते मला कळत नव्हतं.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडे गेम खेळायचा व्हीआरचा हेडसेट आहे, डोळ्यांवर लावला की चारी बाजूंना दुसरंच जग दिसतं असा. तो म्हणाला, "आत्या, आजीला हा लावून बघूया का?" मला आधी ते पोरखेळ वाटलं. त्यानं मला त्यावरचे लेख वाचायला पाठवले आणि मग मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले.

हे काही आजकालचं नाही. अमेरिकेत सिॲटलला, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये, हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या दोन संशोधकांनी १९९६च्या सुमारास भाजलेल्या पेशंटवर याची सुरुवात केली. भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग रोज बदलतात, जुनी मेलेली त्वचा घासून काढतात, मॉर्फिनसारखी औषधं देऊनही ते सहन होत नाही. त्यांनी खास त्याच पेशंटसाठी स्नोवर्ल्ड नावाचं जग बनवलं, बर्फाची दरी, त्यात पेंग्विन, बर्फाची माणसं, मॅमथ हत्ती, आणि पेशंटनं त्यांच्यावर बर्फाचे गोळे मारत पुढे सरकायचं, इकडे हातावरचं ड्रेसिंग चालू. पुढे २००४ साली त्यांनी एमआरआय मशीनमध्ये निरोगी माणसांच्या पायाला चटका देऊन मेंदू बघितला, तर व्हीआर चालू असताना मेंदूतले दुखणं नोंदवणारे पाचही भाग थंडावलेले दिसले. माणूस नुसतं "कमी दुखतंय" म्हणत नव्हता, आतही कमी नोंदलं जात होतं. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्येच सांगून ठेवलं होतं की दुखण्याच्या वाटेवर एक फाटक असतं आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. लक्ष ही मोजकी चीज आहे. ते दुसरीकडे खर्च झालं की दुखण्याला कमी उरतं.

आईला मी हे माझ्या भाषेत सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. म्हणाली, "आमची आजी पहाटे जात्यावर बसायची, पायली पायली दळायची, खांदे भरून यायचे, पण ओवी सुरू झाली की ती माहेरी जाऊन यायची. पंढरपूरला पण जायची. दळण कधी संपलं तिचं तिला कळायचं नाही." मी तिच्याकडे बघतच राहिले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखावर ओव्या आहेत त्या, आणि त्यात कितीतरी ओव्यांमध्ये बाई बसल्या जागेवरून भावाच्या घरी निघालेली असते. हात दळतोय आणि मन वाटेला लागलंय.

चौथ्या सायकलला आम्ही हेडसेट घेऊन गेलो आणि पहिला घोटाळा आमच्याच हातून झाला. भाच्यानं समुद्राखालचा एक व्हिडिओ लावला, छानच होता, पण त्यात कॅमेरा सारखा पुढे पोहत होता, वळत होता. डोळे सांगतायत आपण चाललोय आणि कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगतेय आपण खुर्चीत बसलोय, या भांडणातून चक्कर येते, बोट लागते तशीच. दोन मिनिटांत आईनं डबा काढा डबा काढा म्हणून हात वर केला, ती त्याला शेवटपर्यंत डबाच म्हणायची. आणि उलटी. मला इतकं अपराधी वाटलं, आधीच मळमळत असलेल्या बाईला आपण अजून भोवंडून टाकलं.

दुसरी गोष्ट सिस्टरांनी शिकवली, आणि ती मी कुठल्याच लेखात इतकी स्पष्ट वाचली नव्हती. त्या हेडसेटला विरोध करत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "लाल औषध जाताना नको. ते शिरेबाहेर गळलं तर मांस जाळतं, हाताला जरा जरी चुणचुण झाली तर पेशंटनं त्या क्षणी मला सांगायला पाहिजे. त्यांचं लक्ष मला हातावर हवंय." म्हणजे ज्या लक्षाला आम्ही शत्रू समजत होतो तेच तेव्हा आईची राखण करत होतं. आणि पुढचं पॅक्लिटॅक्सेल सुरू होताना पहिला अर्धा तास पण नाही, कारण रिॲक्शन आली तर सुरुवातीच्या मिनिटांत येते, चेहरा लाल होतो, छाती भरून येते, तेव्हा चेहरा दिसायला हवा. अर्ध्या तासानंतर खुशाल लावा. कुठलीही नवी गोष्ट वॉर्डात आणताना आधी तिथल्या सिस्टरना विचारा, एवढं मी ज्याला त्याला सांगते.

भाचा त्या दिवशी गप्प गप्प घरी गेला. दिवाळी झाल्या झाल्या तो मित्राचा ३६० अंशांचा कॅमेरा घेऊन एकटाच गावी गेला, राजापूर तालुक्यात आमचं घर आहे, चुलतभाऊ आणि वहिनी राहतात. मला वाटलं गड-बिड फिरायला गेलाय.

त्यानं काय केलं तर ओटीवर जिथे आईची बसायची जागा आहे, खांबाला टेकून, तिथे बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा स्टँडवर ठेवला आणि स्वतः घरात जाऊन लपला. कॅमेरा जराही हलला नाही पाहिजे, चक्कर येते ना. सकाळी सात ते पावणेआठ. कुणालाही मुद्दाम काही करायला लावलं नाही.

पाचव्या सायकलला सिस्टरांनी अर्ध्या तासानं मान हलवली तेव्हा आम्ही आईला तयार केलं. केस गेलेले, टाळूची कातडी हुळहुळी झालेली, आणि हा डबा अर्धा किलोचा, त्याचा पट्टा तिला टोचायचा, मग मी डोक्याला पंचा दुमडून बांधला आणि त्यावरून पट्टा लावला. तोंडाला लागतो तो भाग सिलिकॉनचा घेतला होता, धुता येतो असा, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना दहा जणांच्या घामाचा स्पंज तिच्या तोंडाला लावणं म्हणजे आजाराला आवताणच. डाव्या हातात सुई, त्यामुळे हातात धरायचं बटण वगैरे काही नाही, नुसतं बघायचं.

पहिल्यांदा काहीच बोलली नाही. मग मान हळूहळू उजवीकडे वळली. मग डावीकडे. मग खाली, आपल्या पायांकडे बघावं तसं. आणि मग एकदम, अख्ख्या डेकेअरला ऐकू जाईल अशा आवाजात, "अगं, तुळशीचं लग्न तोंडावर आलं आणि खळं अजून चोपलेलं नाही!"

शेजारच्या खुर्चीतल्या बाई दचकून जाग्या झाल्या.

"वृंदावनाला काव पण लावलेली नाही. तुझ्या वहिनीला फोन लाव आधी. आणि ती अबोली बघ, मान टाकलीये, पाणी कोण घालतं का नाही तिला?" मी म्हटलं, आई हे मागच्या आठवड्याचं आहे, ती म्हणाली मागच्या आठवड्याचं असलं तर आता मेलीच असेल, फोन लाव. मी लावला. एका हातात सलाईनची सुई, डोळ्यांवर डबा, आणि आई वहिनीला सांगतेय की रहाटाच्या बाजूची जास्वंद छाट, घरात ऊन येत नाहीये. तिकडे वहिनी रडतेय की हसतेय कळत नव्हतं.

त्यात काय होतं सांगू का, तसं काहीच नव्हतं. रहाटाचा करकर आवाज, कुणीतरी पाणी काढतंय पण दिसत नाही. पोफळीच्या झावळ्या हलतायत. कुत्रं येतं, कॅमेऱ्याचा वास घेतं, त्याचं नाक एवढं मोठं दिसतं, आणि मग आईच्या जागेशेजारी जसं नेहमी बसतं तसं गोल वळून बसतं. पंधरा-वीस मिनिटांनी वाटेवरून मासेवालीची हाक येते. आई म्हणाली, "आज नको गं बाय." तोंडातून गेलंच तिच्या.

तिनं डबा काढल्यावर मी विचारलं किती वेळ झाला असेल. म्हणाली, वीस मिनिटं. पावणेदोन तास झाले होते, व्हिडिओ दोनदा लागून गेला होता, मध्ये थोडी डुलकीपण लागली होती, रिॲक्शन येऊ नये म्हणून आधी देतात त्या अ‍ॅव्हिलच्या इंजेक्शनची गुंगी असतेच. तिनं वर बाटलीकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मला काही सांगितलं नाही.

वेळ आकसतो हे खरंच नोंदलेलं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या नर्सिंगच्या संशोधक सुझन श्नायडर यांनी यावरच काम केलंय. त्यांच्या २००७च्या अभ्यासात १२३ जण होते, स्तनाच्या, मोठ्या आतड्याच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे, प्रत्येकाला एका केमोला व्हीआर आणि एका केमोला काही नाही. व्हीआर असताना लोकांना केमोचा वेळ प्रत्यक्षापेक्षा कमी वाटला आणि बहुतेक जण परत लावू म्हणाले. पण त्याच अभ्यासात हेही आहे की मळमळ, थकवा या बाकीच्या त्रासांमध्ये म्हणावा तसा फरक पडला नाही. आईचंही तेच. तिसऱ्या दिवशीची अंगदुखी, तळपायाच्या मुंग्या, तोंडाची चव जाणं, सगळं व्हायचं तसं झालं. डब्यानं औषधाचा एकही वाईट परिणाम पुसला नाही. तो फक्त त्या खुर्चीतले तास खाऊन टाकत होता, आणि मला तेवढंही खूप वाटतं. सिग्नलवरचं उमळणं मात्र सहाव्या सायकलपासून कमी झालं, औषध बदललं म्हणून असेल, डब्यामुळे असेल, दोन्ही असेल. सिग्नलला ती विचारायची, "चार्ज केलाय ना रे त्याला?"

लहान मुलांच्या बाबतीत तर मला हे फारच महत्त्वाचं वाटतं. कॅन्सरच्या मुलांच्या छातीत कातडीखाली पोर्ट, म्हणजे औषध सोडायची छोटी डबी, बसवतात आणि दर वेळी त्यात सुई टोचावी लागते, आठवडे, महिने, कधी वर्षं. २००४ मध्ये अटलांटाला अशा मुलांवर व्हीआरचा छोटा अभ्यास झाला होता, सुई टोचताना मुलांच्या नाडीचे ठोके कमी राहिले, सिस्टरांनाही मुलं कमी कळवळताना दिसली. आमच्याच डेकेअरच्या वरच्या मजल्यावर मुलांचा वॉर्ड होता आणि लिफ्टचं दार उघडलं की जे ऐकू यायचं ते मी अजून विसरलेले नाही.

एक भीती पण मनात आहे. उद्या कुणी म्हणेल गॉगल आहे ना, मग मॉर्फिन कशाला. तसं नाही, अजिबात नाही. सिॲटलमध्येसुद्धा तो औषधाच्या जोडीला होता, औषधाच्या ऐवजी नाही. दुखणाऱ्या माणसाला आधी पुरेसं दुखणं थांबवणारं औषध मिळालं पाहिजे, तो त्याचा हक्क आहे, आणि त्यानंतर हा डबा.

आणि हे फक्त आमच्यासारख्या, घरात आधीच हेडसेट असलेल्यांनाच का मिळावं? परळच्या टाटा हॉस्पिटलला १९४१ पासून लोक कुठून कुठून येतायत, बिहारमधून, बंगालमधून, आपल्या बीड-जालन्याकडून. दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, तिथे पथारी टाकून महिना महिना काढणारी कुटुंबं आहेत. घरापासून हजार किलोमीटर लांब सलाईन लावून बसलेल्या माणसाला स्वित्झर्लंडचं तळं दाखवायचं का? तयार व्हिडिओ तेच असतात, तळी, धबधबे, उत्तर ध्रुवावरचे रंगीत उजेड. ते वाईट नाहीत, कुणाला आवडतीलही. पण आईला ज्यानं खुर्चीतून उठवलं ते अबोलीला पाणी नाही यानं. तिला तिथे काम होतं. एक हेडसेट साधारण एका बऱ्या मोबाइलच्या किमतीत येतो, कॅमेरा भाड्यानं मिळतो, आणि गावी जाऊन ओटीवर तासभर कॅमेरा ठेवायला कॉलेजची पोरं हजार मिळतील, त्यांना कुणी सांगायला हवं.

आमच्या ओळीत एक काका होते, बार्शीकडचे, तंबाखूचा कॅन्सर, जबड्याचं ऑपरेशन झालेलं, बोलता यायचं नाही, पाटीवर लिहून दाखवायचे. रेडिएशनच्या वेळी तोंडावर घट्ट जाळीचा मुखवटा घालून टेबलाला खिळवून ठेवतात, ते त्यांचं नुकतंच संपलं होतं आणि त्यांना डोक्याला काहीही लावलेलं सहन व्हायचं नाही. त्यांच्या बायकोनं सांगितलं, झोपेत पण तोंडावरची चादर ओढून काढतात. म्हणून आम्ही त्यांना कधी विचारलंच नाही. सातव्या सायकलला त्यांनीच पाटी पुढे केली. "मला बघू?" पट्टा बांधायचा नाही, नुसता हातानं डोळ्यांसमोर धरायचा, असं ठरलं. त्यांच्या बायकोनं धरला. पाच मिनिटं धरून तिचे हात भरून आले, मग मी धरला. खाली ठेवला तर काकांनी पाटीवर लिहिलं, "विहिरीला पाणी किती?" आई म्हणाली, "बारमाही." काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी लिहिलं, "आमची आटली." आणि मग दोघांचं पाटीवरून आणि तोंडानं, विहिरींवर जे सुरू झालं ते दोघांच्या बाटल्या संपेपर्यंत.

संक्रांत झाल्यावर आठवी सायकल होती, शेवटची. भाचा मुद्दाम कॉलेज बुडवून आला होता, डबा पुसून, चार्ज करून, गावचा नवा व्हिडिओ घेऊन, खळं चोपलेलं, वृंदावनाला काव लावलेली, वहिनीनं अबोली मुद्दाम कॅमेऱ्याच्या जवळ आणून ठेवलेली. अर्धा तास झाला, सिस्टरांनी मान हलवली, मी पंचा दुमडायला घेतला.

आई म्हणाली, "आज नको. त्यांना दे."

"का गं? नवीन आहे, खळं बघ ना."

"खळं मी जाऊनच बघणार आता. ही शेवटची बाटली मला डोळ्यांनी संपताना बघायचीये."

काकांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या बायकोनं डबा धरला. त्यांचा मोकळा हात जरा वेळानं उचलला गेला आणि हवेत पुढे गेला, बहुतेक अबोली होती तिथे. आई खुर्चीत ताठ बसली होती, मान वर, त्या छोट्या नळकांड्याकडे. अडीच तास. मध्ये एकदा फक्त मला म्हणाली, "अर्धी झाली."